वायाळ सरांचा पासवर्ड

"वाच," दादासाहेब म्हणाले. "मोठ्यानं वाच."

फॅक्सचा कागद तेव्हा गुंडाळी होऊन यायचा. दादासाहेबांनी त्याच्या एका टोकावर पेपरवेट ठेवला होता आणि दुसऱ्या टोकावर स्वतःचा चष्मा. मी वाकून माथ्यावरची ओळ वाचली.

"वापरकर्ता, त्र्यंबक वायाळ. अकरा एप्रिल. दुपारी एक वाजून पंचवीस मिनिटं."

"ही ओळ आपोआप छापली जाते ना?"

"हो."

"कोणाला खोडता येत नाही, बदलता येत नाही, असं तूच जानेवारीत सगळ्यांना सांगितलंस."

"हो, दादासाहेब."

"मग आपली जोडवही वायाळांच्या नावानं छापून अकोल्याच्या कंपनीच्या टेबलावर कशी गेली, ते मला सांग. तिथल्या एका ओळखीच्यानं हे पान पाठवलंय, कोणी आणलं ते त्यालाही ठाऊक नाही."

मी टेबलाची कड धरली आणि खिडकीबाहेर बघायला लागले. बाहेर बघण्यासारखं काहीही नव्हतं.

ही बावीस वर्षांपूर्वीची गोष्ट. जालन्याला औद्योगिक वसाहतीत आमची 'वाफसा सीड्स' म्हणून बियाण्यांची कंपनी होती. दादासाहेब तौर मालक. मी चोवीस वर्षांची, कंपनीच्या कॉम्प्युटर विभागाची प्रमुख. विभागात मी आणि एक एसी, एवढीच माणसं. पण प्रमुख म्हटलं की मला बरं वाटायचं, ते आता कशाला लपवू?

आमचा जीव संकरित बाजरीत होता. एका मादी वाणाशेजारी एक नर वाण पेरायचा आणि त्या जोडीतून जे बी येईल ते विकायचं. कोणाची जोडी कोणाशी लावायची, हेच सगळं गुपित. शेतात आणि गोदामात फक्त नंबर असत. कोणता नंबर म्हणजे कोणती जोडी, ते एका वहीत लिहिलेलं असे. तिला आम्ही जोडवही म्हणायचो. आधी ती लाल कापडात बांधून दादासाहेबांच्या कपाटात असे. त्या जानेवारीत ती कॉम्प्युटरमध्ये गेली. प्रत्येकाला स्वतःचं नाव, स्वतःचा पासवर्ड आणि ज्याच्या त्याच्या कामापुरतेच अधिकार मिळाले. गोदामवाल्याला पोती दिसत, प्रयोगशाळेला उगवणीचे आकडे. जोडवही मात्र दोनच नावांनी उघडे, दादासाहेबांच्या आणि वायाळ सरांच्या. कोणाला आत घ्यायचं आणि कोणाचं दार बंद करायचं हे मी ठरवलं, तरी जोडवही मला स्वतःला दिसत नसे. प्रशिक्षणाच्या दिवशी फळ्यापुढे उभी राहून मी मोठ्या तोऱ्यात नियम वाचून दाखवले होते. 'पासवर्ड सांगणारा आणि घेणारा, दोघांनाही कामावरून कमी केलं जाईल.'

आणि तिसऱ्याच आठवड्यात तो नियम मी मोडला.

वायाळ सर म्हणजे आमचे पैदासकार, नवी वाणं तयार करणारे. एकोणीस वर्षं त्यांनी कंपनीत काढली होती, निवृत्तीला सहा महिने उरले होते. गोसावी रोग न येणारी बाजरी काढायची म्हणून ते सात नंबरच्या प्लॉटमध्ये इतकी वर्षं राबत होते आणि ती आता हाताशी आली होती. मला नोकरीत घेतलं तेही त्यांनीच. मुलाखतीत त्यांनी मला एकच प्रश्न विचारला होता, "डबा आणलास का?" नाही म्हटल्यावर स्वतःच्या डब्यातली अर्धी भाकरी दिली होती.

कॉम्प्युटरशी मात्र त्यांचं जमलं नाही. एका बोटानं अक्षर शोधायचे, तोवर आधीचं कोणतं दाबलं ते विसरायचे. तीनदा चुकलं की मशीन खातं बंद करायचं. मग मी जाऊन ते उघडायचं. एका सकाळी असं दोनदा झालं आणि सर वैतागले.

"पोरी, तूच लावत जा की रोज. ऑफिसातल्या देवाच्या फोटोपुढं उदबत्ती लावतेस, तसं हेही लावून टाक."

"सर, नियम आहे."

"नियम परक्यांसाठी असतात. तू काय परकी आहेस?"

त्यांनी पासवर्ड माझ्या कानात सांगितला. इंग्रजी अक्षरांत वत्सला, आणि पुढे सातचा आकडा. वत्सला म्हणजे त्यांची पत्नी. पाच वर्षांपूर्वी गेलेली. सात नंबरच्या प्लॉटवर दुपारचा डबा घेऊन तीच यायची. "हे वाण निघालं की पिशवीवर तिचं नाव छापायचं आहे मला," सर म्हणाले. "दादासाहेबांनाही अजून बोललो नाही."

तेव्हापासून रोज नऊ वाजता मी फोटोपुढे उदबत्ती लावायची, सरांचा तांब्या भरून ठेवायची, त्यांच्या टेबलावर जोडवही उघडायची आणि निघून जायची. ती संध्याकाळपर्यंत उघडीच असे. सरांच्या खुर्चीत कोणी बसत नसे. कोणी मनाई केली नव्हती, पण साक्षात दादासाहेबसुद्धा त्यांच्याशी बोलायचं तर स्टूल ओढून घ्यायचे. मला वाटायचं, जिथं मालक बसत नाही तिथं दुसरा कोण बसणार? माझं सगळं कुलूप ते एवढंच.

"सरांचा पासवर्ड आणखी कोणाला माहीत आहे?" दादासाहेबांनी विचारलं.

"नाही," मी म्हणाले.

तो शब्द मी उच्चारला असंही म्हणता येणार नाही. तो आपला आपण बाहेर पडला. पण एकदा पडला तो पडला.

"दुपारी एक पंचवीसला सगळे कुठं असतात?"

"जेवायला. पॅकिंगच्या शेडमध्ये."

"आणि वायाळ?"

"प्लॉटवर. ते एकटेच जेवतात, लिंबाखाली."

"एकटेच," दादासाहेब म्हणाले. "म्हणजे प्लॉटवर होते की टेबलावर, सांगायला कोणी नाही."

तेवढ्यात मला ती उशी आठवली. सरांची कंबर दुखायची म्हणून वत्सलावहिनींनी जुन्या लुगड्याची एक उशी शिवून दिली होती, ती खुर्चीत असायची. त्या शुक्रवारी, अकरा एप्रिललाच, मी जेवून परत आले तेव्हा ती जमिनीवर पडलेली होती. मी ती उचलली, झटकली, पुन्हा खुर्चीत नीट ठेवली आणि हात धुवायला गेले. शहाणी!

"बस इथं आणि एक कागद टाइप कर," दादासाहेब म्हणाले. ते सांगत गेले, मी टाइप करत गेले. 'मी माझा पासवर्ड कोणालाही सांगितलेला नाही आणि दुसऱ्या कोणाचाही पासवर्ड मला माहीत नाही.' खाली सगळ्यांची नावं. "सगळ्यांच्या सह्या घे. पहिली तुझी."

मी स्वच्छ, गोल अक्षरात निर्मला भुतेकर असं लिहिलं.

मग कागद फिरला. गोदामात, प्रयोगशाळेत, विक्रीत. विक्री विभागाच्या राजूरकरांनी सही करताना विचारलं, "काय झालं, ताई? कोणी काही चोरलं का?" हे राजूरकर म्हणजे मोठे गोड गृहस्थ. घरच्या कुरडया, पापड्या आणून सगळ्यांना वाटायचे. मी म्हटलं, "मला माहीत नाही." त्या दिवसातलं ते माझं तिसरं खोटं होतं.

सर शेवटी आले. अंगाला बाजरीचे परागकण, खिशात सुतळी. दादासाहेबांनी फॅक्स त्यांच्यापुढे सरकवला. सरांनी तो वाचला, पुन्हा वाचला, आणि चेहऱ्यावरचं रक्त उतरत गेलेलं मला दिसलं.

"त्र्यंबकराव, हे तुम्ही छापलंत?"

"नाही."

"मग कोणी?"

सरांनी फॅक्स उलटा करून ठेवला. मला वाटलं, आता सांगतील. सांगावं असंही वाटत होतं आणि सांगू नये म्हणून मी आतल्या आत सगळ्या देवांना हाका मारत होते. त्यांनी एवढंच म्हणायचं होतं की माझं मशीन रोज निर्मला लावते. दादासाहेबांनी माझा टाइप केलेला कागद त्यांच्यासमोर धरला. "ह्यावर सही करा. कोणाला सांगितला असेल तर करू नका. ज्याला सांगितला त्याचं नाव घ्या, मी त्याला बघून घेतो."

सरांनी कागद घेतला. सगळ्यात वर माझी सही होती. तिच्यावर त्यांचे डोळे थांबले. मग त्यांनी मान वर करून माझ्याकडे बघितलं. मी पंख्याच्या बटणाकडे बघत होते. त्यांचा पेन खिशातून काढल्याचा आवाज आला, टोपण उघडल्याचा आला. ते नेहमी सहीखाली तारीख घालत. त्या दिवशीही घातली.

"म्हणजे राहिलो तुम्ही आणि मी," दादासाहेब म्हणाले. "वीस वर्षांची ओळख आहे, त्र्यंबकराव. उद्या अकरापर्यंत वेळ घ्या. काय ते खरं सांगा."

चार वाजता मी प्लॉटवर गेले. उन्हाळी बाजरी ऐन कणसात होती. सर एकेका कणसावर कागदी पिशवी चढवून खालून टाचणी लावत होते. दुसऱ्या वाणाचे पराग त्यावर पडू नयेत म्हणून तसं करावं लागतं.

"सर, मी..."

"ही पिशवी धर जरा."

मी धरली. "सर, मी घाबरले. माझ्या तोंडातून निघून गेलं. मी आत्ता जाऊन सांगते."

"एका पिशवीचं तोंड उघडं राहिलं ना, की वर्ष वाया जातं," सर म्हणाले. जणू मी काही बोललेच नव्हते. "हे मी नव्या पोरांना पहिल्या दिवशी शिकवतो. आणि टेबलावर मात्र तोंड उघडं ठेवून इथं येऊन बसलो. तू जानेवारीत सांगत होतीस ते हेच. मी ऐकलं नाही."

"चूक माझी आहे."

"तुझी चूक आहे की नाही ते मी ठरवीन. मी तुला दिला तो पासवर्ड. तू मागितला नव्हतास." त्यांनी टाचणी लावली. "घरी कोण कोण आहे तुझ्या?"

त्यांना माहीत होतं. वडील एसटीत ड्रायव्हर होते, ते गेल्यावर आई आणि पॉलिटेक्निकमध्ये शिकणारा भाऊ, घर माझ्यावर होतं. तरी मी सांगितलं.

"हं. तू जानेवारीत सगळ्यांना वाटलेला तो सूचनांचा कागद माझ्या खणातच असेल ना?"

"असेल. का?"

"काही नाही. जा, आई वाट बघत असेल."

त्या रात्री मला झोप आली नाही एवढंच सांगते. पहाटे मात्र ठरलं. नोकरी गेली तर गेली, ट्यूशन घेईन, झेरॉक्सच्या दुकानात बसेन, पण सरांच्या अंगावर हे येऊ द्यायचं नाही. ठरल्यावर भूक लागली. आईनं विचारलं, "काय गं, एवढी घाई कसली?" मी म्हटलं, "आज लवकर जायचंय."

फाटकावर शेषराव मामा होते, आमचे वॉचमन.

"सर तं कवाच आले, ताई. साडेसातला. मशीनबी त्यांनीच लावली."

"त्यांनी?"

"तर. येका बोटानं टकटक चालली व्हती. म्या म्हनलं, च्या आनू का? तर म्हनले, आत्ता बोलू नको, चुकंल."

माझ्या डोक्यात अकरा वाजता काय बोलायचं ह्याची घोकंपट्टी चालली होती. मामांचं बोलणं ह्या कानानं ऐकलं आणि त्या कानानं सोडून दिलं. उदबत्ती लावायचीही विसरले.

अकराला दादासाहेबांच्या खोलीत तिघंच होतो. सर कोपऱ्यातल्या खुर्चीवर, हात गुडघ्यांवर ठेवून बसलेले. मी बसले नाही.

"दादासाहेब, काल मी खोटं लिहून दिलं. सरांचा पासवर्ड मला माहीत आहे. जानेवारीपासून रोज सकाळी मीच त्यांचं मशीन लावते. जोडवही दिवसभर उघडी असते. दुपारी कोणीही येऊन छापू शकलं असतं. सरांचा ह्यात काही संबंध नाही."

एका दमात बोलले. बोलून झालं आणि मला इतकं हलकं वाटलं की रडू फुटलं.

दादासाहेबांनी कालचा सह्यांचा कागद खणातून काढला. मग सरांकडे वळले. "ही म्हणते ते खरं आहे?"

"नाही," सर म्हणाले.

मला वाटलं, मी चुकीचं ऐकलं.

"पोरगी भावनेच्या भरात बोलते आहे," सर म्हणाले. "मी तिला नोकरीला लावलं, तिच्या मनात ते आहे. म्हणून स्वतःवर ओढवून घेते आहे. ऐकू नका तिचं."

"सर!"

"कालच्या कागदावर तुम्हा दोघांच्या सह्या आहेत," दादासाहेब म्हणाले. "आज एकजण म्हणतं खोटं, एकजण म्हणतं खरं. मी कोणाचं धरू?"

"माझं धरू नका," मी म्हणाले. "मशीनचं धरा. चला, मी तुमच्यासमोर पासवर्ड टाकून दाखवते. मला माहीत नसेल तर जोडवही उघडणारच नाही."

आम्ही तिघं बाहेर आलो. सरांच्या टेबलाशी मी उभ्यानंच वाकले. त्या खुर्चीत तेव्हाही मला बसवलं नाही. नाव टाकलं. वत्सला टाकलं, पुढे सात टाकला. तीन महिने रोज टाकत होते, बोटांना पाठ होतं.

'पासवर्ड चुकीचा आहे.'

काहीतरी चुकलं असेल, असं मनाशी म्हटलं. एकेक अक्षर मोजून पुन्हा टाकलं.

'पासवर्ड चुकीचा आहे.'

घामानं बोटं ओली झाली होती. ओढणीला पुसली. पॅकिंगकडची दोन माणसं दारात येऊन उभी राहिली होती. दादासाहेब माझ्या मागे उभे होते, त्यांचा श्वास ऐकू येत होता. तिसऱ्यांदा टाकलं.

'खाते बंद करण्यात आले आहे.'

तेव्हा कुठं शेषराव मामांचं बोलणं माझ्या डोक्यात शिरलं. साडेसात वाजता. एका बोटानं. आत्ता बोलू नको, चुकंल. मी वळून सरांकडे बघितलं.

"तुम्ही पासवर्ड बदललात. आज सकाळी."

"बदलला," सर शांतपणे म्हणाले. "शंका आली की लगेच बदलावा, असं तुझ्याच कागदावर लिहिलंय. पाचवा मुद्दा."

"मग जुना काय होता ते सांगा ना! दादासाहेब, जुना मी सांगते. वत्सला आणि सात. विचारा त्यांना!"

दादासाहेबांचा चेहरा बदलला. "वहिनींचं नाव?"

मशीनला विचारून उपयोग नव्हता. जुना पासवर्ड ते कोणालाच दाखवत नाही, मलासुद्धा नाही, आणि तसंच असायला हवं हेही मीच फळ्यापुढे उभी राहून सांगितलं होतं. आता फक्त सरांचा शब्द उरला होता. ते खुर्चीमागे उभे होते आणि त्यांचा हात त्या लुगड्याच्या उशीवर होता.

"नाही," ते म्हणाले. "तो माझा पासवर्ड नव्हता."

"त्र्यंबकराव, नीट आठवून सांगा."

"ते नाव नव्हतं."

दादासाहेबांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. अगदी मायेनं ठेवला, तेच सहन झालं नाही. "निर्मला, तू गुणाची आहेस. पण वहिनींचं नाव इथं शेषरावालाही ठाऊक आहे. अंदाजानं बोलून माणूस वाचवता येत नाही. जा, तोंड धू."

पोलिसांकडे दादासाहेब गेले नाहीत. उद्यापासून येऊ नका, एवढंच सरांना म्हणाले. जाण्याआधी सरांनी जोडवहीतल्या त्यांच्या टिपणांचं काम दादासाहेबांकडे सोपवायचं होतं, त्यासाठी एकदा मशीन उघडणं भाग होतं. बंद झालेलं खातं मी माझ्या किल्लीनं मोकळं केलं. सर खुर्चीत बसले, चष्मा पुसला आणि मी नेहमीसारखी त्यांच्या खांद्याशी उभी राहिले.

"निर्मला, तोंड तिकडे कर," ते म्हणाले.

मी भिंतीकडे तोंड केलं. भिंतीवर खतांच्या कंपनीचं कॅलेंडर होतं. मागे टक, मग बराच वेळ काही नाही, मग पुन्हा टक. मला रडू आवरत नव्हतं आणि तरी मी मोजत होते. अकरा वेळा आवाज आला. जोडवही पहिल्याच खेपेला उघडली.

काम संपल्यावर सर डबा आणि उशी घेऊन निघाले. मी फाटकापर्यंत गेले.

"का केलंत असं?"

"माझे सहा महिने उरले होते. तुझी तीस वर्षं पुढं आहेत. आणि ह्या शहरात बियाण्याच्या कंपन्या सगळ्या एकमेकांच्या ओळखीच्या. एकदा असं नाव झालं की तुला कोणी दारात उभं करणार नाही."

"आणि सात नंबर?"

प्लॉटवर शेकडो कणसांना पिशव्या चढवलेल्या होत्या, त्या कोण उतरवणार हे तेव्हा कोणालाच माहीत नव्हतं. सर प्लॉटकडे न बघता रिक्षात बसले.

मी राजीनामा दिला नाही. घर माझ्यावर होतं हे खरं, आणि भीती वाटत होती हेही तितकंच खरं. दुसऱ्या दिवसापासून मी ऑफिसमधल्या प्रत्येक मशीनला दर पाच मिनिटांनी आपोआप कुलूप लावून टाकलं. लोक माझ्या नावानं बोटं मोडायचे. मी एकाचंही ऐकलं नाही.

दिवाळीनंतर राजूरकरांनी नोकरी सोडली. संक्रांतीच्या सुमारास ते अकोल्याच्या त्याच कंपनीत विक्री व्यवस्थापक झाल्याची बातमी आली, आणि त्यांनी तिथं बाजारात आणायला घेतलेल्या बाजरीची जोडी आमचीच आहे हेही कळलं. त्या दुपारी दादासाहेब माझ्या खोलीत आले. स्टूल ओढून बसले.

"वहिनींचं नाव खरं होतं ना?"

"हो."

ते एसीकडे बघत राहिले. "त्र्यंबकनं चोरी केली, हे मी कसंबसं मानलं. पण वहिनींच्या नावावर तो खोटं बोलेल, हे काही माझ्या मनातही आलं नाही."

आता मी पुण्यात एका मोठ्या कंपनीत हेच काम करते. कोणाला कुठलं दार उघडायचं आणि कुठलं नाही, हे ठरवण्याचं. कोणी माझ्यासमोर पासवर्ड टाकायला लागलं की मी उठून भिंतीकडे तोंड करून उभी राहते. पोरं चेष्टा करतात. परवा एक नवी मुलगी म्हणाली, "मॅडम, कशाला? माझा तुमच्यावर पूर्ण विश्वास आहे."

"म्हणूनच," मी म्हणाले.

एक सांगायचं राहिलं. त्या बातमीनंतर दोन दिवसांनी दादासाहेब स्वतः गाडी घेऊन सरांच्या गावी गेले. मलाही नेलं. सर ओसरीवर बाजरी निवडत बसले होते. दादासाहेबांनी सगळ्यांसमोर त्यांचे पाय धरले, तेव्हा सर इतके अवघडले की त्यांना स्वतःच्या शेजारी बसवून त्यांच्याही हातात सूप दिलं. कंपनीत परत यायला मात्र ते तयार झाले नाहीत. सात नंबरची बाजरी तगली होती, सरांच्या हाताखाली शिकलेल्यांनी पिशव्या वेळेवर उतरवल्या होत्या. मृगाच्या आधी ती बाजारात आणायची होती.

"नाव तुमच्या मनातलंच ठेवतो," दादासाहेब म्हणाले. "निर्मलानं सांगितलं मला. वत्सला. पिशव्या छापायला टाकतो."

सरांनी सुपातला एक खडा उचलून अंगणात टाकला.

"नको," ते म्हणाले. "चारचौघांत त्या नावाला मी नाही म्हणून बसलोय. आता ते पिशवीवर कोणत्या तोंडानं छापू?"

ती बाजरी नुसत्या नंबरनं बाजारात आली. अजूनही नंबरनंच विकली जाते.